सातचा वाकडा पाय

उचगावच्या गोदामात, पेंडीच्या पोत्यांमागं,
सर्जेराव इंगवल्यांनी ताडपत्री ओढली
पाहुण्यांपुढं मुलगी आणावी तशी.
"एकोणीसशे चौतीस. शिकारीची गाडी.
हिंदुस्थानात तीनच उतरल्या.
एक जळाली, एक विलायतेला परत गेली, ही तिसरी."
तीन कुणी मोजल्या होत्या, मी विचारलं नाही.
पुण्याच्या पार्टीनं मला रोजावर आणलेलं,
दोन हजार आणि जेवण,
बघून सांगायचं एवढंच.

आकडा दोन कोटी ऐंशी लाख.
गेल्या दिवाळीत ऐकला तेव्हा नव्वद होता.
मधल्या काळात गाडी इथंच उभी,
टायरखालची पेंडसुद्धा हलली नाही.
तिची गोष्ट तेवढी फिरून आली
बेळगाव, बडोदा, दुबई.

भिंतीवर फोटो, काच तडकलेली.
वाघ पुरा आहे, जहागीरदार पुरे आहेत,
गाडी मात्र अर्धीच चौकटीत:
एक चाक, एक दिवा,
आणि हाकाऱ्यातल्या कुणाचा तरी अनवाणी पाय.
त्या एका दिव्यावर सगळी सनद.

मी गुडघे टेकले.
(टेकतात ते लगेच. उठायला वेळ लावतात.)
गंजाला बोट लावलं, बोट जिभेला.
आंबट.
नव्वद वर्षांचा गंज आंबट नसतो,
हा चिंचेच्या कोळात, मिठात
पावसाळाभर मुरवलेला, लोणच्यासारखा.

मग चेसिसचा नंबर. सहा आकडे.
त्यातल्या सातचा पाय वाकडा.
हा सात माझ्या ओळखीचा.
उद्यमनगरात बाबालाल शिकलगाराच्या खोक्यात
तो पंच पडलेला असायचा,
उसाच्या घाण्यांवर नंबर मारायला.
पन्हाळ्याखालच्या कुठल्याही जुन्या गुऱ्हाळात जा,
रस गळतो त्याच्या वर वीतभर
हाच सात उभा आहे, लंगडत.

"ओरिजनल ना, मिस्त्री?"
साहेब मागं उभे, बूट पेंडीपासून जपत.
मी सांगणारच होतो.
तेवढ्यात हात बॉनेटखाली गेला,
बिजागरीच्या मागं, जिथं कुणी बघत नाही,
आणि बोटांना एक उंचवटा लागला.

अण्णांची खोड.
साचा मिटायच्या आधी
काळ्या वाळूत अंगठा टेकवायचे.
वाळूत खळगा, बिडात उंचवटा.
मालक ओरडायचा, रोज कापायचा,
यांचा अंगठा काही राहायचा नाही.
एकोणऐंशी साली थोरल्या इंगवल्यांचं काम आलेलं,
चार बिजागऱ्या, जुन्या वाटतील अशा.
कशाला हव्यात, सांगितलं नव्हतं.
भट्टीपुढं रात्र काढली त्यांनी,
मी पोऱ्या, भाता धरून पेंगत होतो.
ठरले साठ. मिळाले चाळीस.

मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला.
बीड गार होतं.

"ओरिजनल ना?"
"हे आहे," मी म्हणालो. "एवढं अस्सल आहे."
माझा हात बॉनेटच्या आत.
'एवढं' त्यांना दिसलं नाही.

चहा सांगितला गेला.
कप येईपर्यंत आकडा तीन कोटींवर,
कप संपेपर्यंत मी
"तीन पिढ्या संस्थानच्या गाड्या बघणारं घराणं."
मी सातबद्दल बोललो. गंजाबद्दल बोललो.
आंबट म्हणालो, दोनदा.
साहेब हसले, खांद्यावर थाप मारली,
"जुनी माणसं अशीच, पटकन हो म्हणत नाहीत."

निघताना सर्जेरावांना बाजूला घेतलं.
"आमच्या अण्णांचे वीस रुपये राहिलेत तुमच्याकडं."
त्यांनी बघितलं माझ्याकडं, बराच वेळ,
मग बॉनेटकडं.
खिशातून पाचशेची नोट काढली, घडी न मोडलेली.

मी म्हटलं, सुट्टे द्या.